कंपवात आणि मेंदूतील तार : शेत विकण्यापूर्वी काय पाहावे?

मेंदूत तार बसवून हाताची थरथर थांबवतात म्हणे, हे खरे का? आणि खरे असेल तर आमच्या वडिलांना न्यावे का? असे विचारणारे लोक हल्ली खेड्यापाड्यांतही भेटतात. कुणीतरी मोबाईलवर एक चित्रफीत दाखवतो. तीत एका माणसाला पाण्याचा पेला धरता येत नाही. मग छातीतले यंत्र चालू करतात आणि तोच हात शांतपणे पेला ओठांशी नेतो. पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो. ती चित्रफीत खोटी नसते. पण ती एका मिनिटाची असते आणि आजार वीस वर्षांचा असतो. त्या एका मिनिटावर विसंबून दोन एकर काळी जमीन विकायची की नाही, हे घरच्यांना ठरवावे लागते. म्हणून हा विषय जरा सविस्तर समजून घेऊ.

ह्या आजाराला आपल्याकडे कंपवात म्हणतात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन लिहिले, त्यावरून जगभर त्याला पार्किन्सन्स हे नाव पडले. हात मांडीवर निवांत पडलेला असताना कापतो, ही त्याची मुख्य खूण. अंगठा आणि तर्जनी अशी हलत राहतात की जणू माणूस माळेचे मणी ओढतो आहे. तोच हात कामासाठी पुढे केला की थरथर कमी होते. बहुधा एकाच बाजूने सुरुवात होते. पण थरथर हा आजाराचा एक भाग झाला. खरी अडचण असते ती मंदपणाची आणि ताठरपणाची. सदऱ्याच्या गुंड्या लावायला वेळ लागतो, अक्षर बारीक होत जाते, चालताना एक हात हलत नाही, आवाज खाली जातो, रात्री कूस बदलता येत नाही. चेहऱ्यावरचे भाव मावळतात आणि घरच्यांना वाटते, म्हातारा रुसला आहे. थरथर अजिबात नसलेला कंपवातही असतो, आणि तो सर्वांत उशिरा ओळखला जातो. वास न येणे आणि बद्धकोष्ठ ह्या तक्रारी तर कित्येकांना आधी अनेक वर्षे असतात.

उलट प्रत्येक थरथर कंपवाताची नसते. चहाची बशी उचलताना, सही करताना हात कापतो आणि मांडीवर ठेवला की थांबतो, असा कंप वेगळा. तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो आणि त्याची औषधेही वेगळी. थायरॉईडचा दोष असला तरी हात कापतात. आणखी एक कारण आपल्या भागात फार दुर्लक्षित राहते : औषधांनी आलेला कंप. चक्कर येते म्हणून कुणी सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिनच्या गोळ्या दिल्या, त्या तशाच महिनोन् महिने चालू राहिल्या. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिले, मानसिक आजारासाठी हॅलोपेरिडॉल दिले. अशा औषधांनी हुबेहूब कंपवातासारखा ताठरपणा येऊ शकतो, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते औषध बदलले की बहुधा काही महिन्यांत उतरतो. म्हणून मोठ्या शहराचा रस्ता धरण्यापूर्वी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवावीत. हा उपाय फुकटातला आहे.

पोप दुसरे जॉन पॉल १९८६ च्या फेब्रुवारीत भारतात आले, गोवा, मंगळूर, मुंबई असे फिरले, तेव्हा त्यांची तब्येत दणकट होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये दिल्लीला आले तेव्हा हाताची थरथर आणि वाकलेली मान साऱ्यांनी पाहिली. त्यांना पार्किन्सन्स असल्याचे व्हॅटिकनने २००३ साली उघडपणे मान्य केले. २ एप्रिल २००५ रोजी ते वारले. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने थरथरता हात लपवला नाही, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना सांगण्यासारखे आहे. कारण आपल्याकडे कंपवाताचा माणूस लग्नकार्यात, मिस्साला, बाजारात जायचे बंद करतो ते लाजेने.

गोळी आणि तुरीचे वरण

मेंदूच्या खालच्या भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक लहान पट्टा आहे. ह्या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती सैल आणि सहज ठेवणे हे ह्या द्रव्याच्या जोरावर होते. कंपवातात ह्या पेशी हळूहळू मरतात. लक्षणे दिसू लागतात तोवर त्यांतील मोठा हिस्सा गेलेला असतो.

डोपामीन तोंडाने दिले तर मेंदूत पोचत नाही. पण त्याच्या आधीचे रूप, लेव्होडोपा, पोचते आणि तेथे त्याचे डोपामीन होते. हे द्रव्य शेतकऱ्याला अनोळखी नाही. बांधावरची खाजकुहिली, जिच्या शेंगेची लव अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो, कानडीत जिला नसुगुन्नी म्हणतात, तिच्या बियांत लेव्होडोपा भरपूर असतो. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी ह्या शास्त्रज्ञांनी तो ह्या बियांतून वेगळा काढून दाखवला. वैद्यांनी हे बी वातविकारांवर वापरले, त्यात तथ्य होते. मात्र घरी बिया कुटून खाऊ नयेत. एका बीत किती औषध आहे ह्याचा नेम नसतो आणि गोळ्या चालू असतील तर दोन्ही मिळून मात्रा चुकते.

जगभर गोळ्यांच्या रूपाने लेव्होडोपा वापरात आला तो १९६७ नंतर, डॉक्टर कोट्झियास यांनी अमेरिकेत मोठ्या मात्रेचे प्रयोग यशस्वी केल्यावर. आज कार्बिडोपा मिसळलेली ही गोळी तालुक्याच्या दुकानातही मिळते आणि इतर उपचारांच्या मानाने फार स्वस्त आहे. कंपवातावर हिच्याइतके गुणकारी दुसरे औषध अजून निघालेले नाही. पण ती घेण्याची रीत असते, आणि तेथेच आपल्या भागातील रुग्ण फसतात. लेव्होडोपा आणि अन्नातील प्रथिने ह्यांचा शरीरात शिरण्याचा मार्ग एकच आहे. तुरीच्या वरणाबरोबर किंवा दूध-अंड्याबरोबर गोळी घेतली तर दाराशी गर्दी होते आणि औषध मागे राहते. कलबुर्गी म्हणजे तुरीचे कोठार; आपले जेवण वरणावाचून होत नाही. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर घ्यावी. वरण सोडायचे कारण नाही. ज्यांना फारच चढउतार होतो त्यांनी डाळ-दूध रात्रीच्या जेवणात जास्त ठेवावे, दिवसा कमी. गोळी ठरल्या घड्याळाने घ्यावी. आणि कोणत्याही कारणाने, उपासासाठीसुद्धा, ती एकदम बंद करू नये. एकदम बंद केल्याने अंग लाकडासारखे होऊन, ताप चढून जिवावर बेतल्याची उदाहरणे वैद्यकाला ठाऊक आहेत.

पहिली काही वर्षे गोळी छान साथ देते. पुढे तिचा परिणाम आखूड होतो. सकाळी आठची गोळी अकरालाच उतरते, माणूस दारातच खिळतो. पुन्हा गोळी घेतली की अर्ध्या तासाने चालता होतो, पण आता अंग नको तसे वळवळू लागते. गोळी वाढवावी तर वळवळ, कमी करावी तर ताठरपणा. मेंदूतील तारेचा विचार होतो तो ह्या टप्प्यावर. त्याआधी नाही.

तारेची कथा

थरथरीवर मेंदूतील एक ठिपका जाळून टाकण्याची शस्त्रक्रिया पूर्वीपासून होती. फ्रान्समधील ग्रनोबल येथील शस्त्रक्रियातज्ज्ञ आलिम लुई बेनाबिद १९८७ च्या सुमारास अशा शस्त्रक्रिया करत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे पाहायला ते सुईतून थोडी वीज सोडत. त्यांच्या ध्यानात आले की सेकंदाला शंभराच्या वर स्पंदने दिली की थरथर तेथल्या तेथे थांबते आणि वीज बंद केली की परत येते. मग जाळायचे कशाला? तार तेथेच ठेवून वीज चालू ठेवली तर? हृदयाच्या पेसमेकरसारखे यंत्र हाताशी होतेच. जाळलेले परत येत नाही, तार मात्र बंद करता येते, काढताही येते. ह्या उपचाराचा सारा मोठेपणा त्या एका फरकात आहे.

पण ह्या तारेने थरथरच थांबत होती. मंदपणा आणि ताठरपणा तसाच राहत होता. त्यावर वाट सापडली ती एका दुर्दैवी घटनेतून. १९८२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी मुले एकाएकी पुतळ्यासारखी ताठ झाली. त्यांनी टोचून घेतलेल्या नकली मादक द्रव्यात एमपीटीपी नावाची भेसळ होती आणि तिने मेंदूतील त्याच काळ्या पेशी मारल्या होत्या. त्या रसायनाने माकडांत कंपवात निर्माण करून अभ्यास करता आला. अमेरिकेतील महलन डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवले की डोपामीन घटले म्हणजे मेंदूतील सबथॅलॅमिक नावाचे लहानसे केंद्र वाजवीपेक्षा जास्त काम करते. ते शांत केले तर माकड पुन्हा हालू लागते. हे केंद्र मसुरीच्या आकाराचे, तुरीच्या दाण्याहून थोडे मोठे. ते बिघडले की बैलाचा कासरा सतत ओढून धरल्यासारखे होते. बैल धडधाकट, पण पाऊल उचलत नाही. १९९३ पर्यंत बेनाबिद आणि त्यांचे सहकारी पोलाक यांनी ह्याच केंद्रात तार बसवून मंदपणा आणि ताठरपणाही उतरतो असे दाखवले. बेनाबिद आणि डीलाँग ह्या दोघांना २०१४ साली लास्कर पारितोषिक मिळाले.

येथे शेतकऱ्याने क्षणभर थांबावे, कारण एमपीटीपी शरीरात गेल्यावर जे विष बनते त्याची रचना आपल्या ओळखीच्या एका तणनाशकाशी जुळते : पॅराक्वाट. अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन हाताळणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळले. युरोपीय संघाने पॅराक्वाट २००७ साली बंद केले. फ्रान्सने २०१२ साली कीटकनाशके वापरणाऱ्या शेतकऱ्यांचा कंपवात हा व्यवसायजन्य आजार मानला. अमुक एका माणसाचा आजार फवारणीनेच झाला, असे मात्र म्हणता येत नाही. कधीही फवारणी न केलेल्यांनाही कंपवात होतो. मुंबईच्या पारशी समाजाच्या १९८८ साली छापलेल्या पाहणीत दर लाखात ३२८ रुग्ण निघाले, आणि ती मंडळी काही तुरीवर पंप मारत नव्हती. वय आणि आनुवंशिकता ह्यांचाही वाटा आहे. पण जे आपल्या हातात आहे ते तरी करावे. उघड्या पायांनी, उघड्या अंगाने, गळक्या पंपाने, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारणी करण्याची आपली पद्धत सोडलीच पाहिजे. औषध हाताने कालवू नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नयेत. ते धुणाऱ्या बाईच्या अंगातही विष जाते. पॅराक्वाटवाचून भागत असेल तर भागवावे.

तार कशी बसवतात

भारतात ही शस्त्रक्रिया १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील डॉ. परेश दोशी हे ती करणाऱ्या आरंभीच्या तज्ज्ञांपैकी. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था, बंगळुरूची निम्हान्स आणि हैदराबादची निझाम्स इन्स्टिट्यूट येथेही ती होते. बिदर, भालकी, हुमनाबादकडच्या लोकांना हैदराबाद जवळ, आळंद-अफझलपूरकडच्यांना सोलापूरवरून पुणे-मुंबई सोयीची.

डोक्याला एक धातूची चौकट घट्ट बसवतात, म्हणजे मोजमापात केसभर फरक पडत नाही. एमआरआय काढून त्या केंद्राची जागा ठरवतात. कवटीला दोन लहान छिद्रे पाडतात. पुष्कळ ठिकाणी रुग्णाला ह्या वेळी जागे ठेवतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण खुद्द मेंदूला दुखणे कळत नाही. कातडीपुरती भूल पुरते. जागे ठेवण्याचे कारण असे की डॉक्टर तार पुढे सरकवत त्याला हात उघड-मीट करायला, बोलायला सांगतात, आणि हात सैल पडला की जागा बरोबर सापडल्याचे कळते. आता काही ठिकाणी पूर्ण भूल देऊनही करतात. तार सव्वा मिलिमीटर जाडीची असते. तिची दुसरी बाजू कानामागून, मानेच्या कातडीखालून छातीत आणतात आणि गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीला जोडतात. बाहेरून काही लोंबत नाही. सेकंदाला साधारण १३० स्पंदने, दाब काही व्होल्टचाच. रुग्णाला शॉक लागल्यासारखे काही वाटत नाही.

तार बसली म्हणजे काम संपले असे नाही. किती वीज, किती वेगाने, तारेच्या कोणत्या टोकातून, हे बाहेरून यंत्राने जुळवावे लागते. पहिल्या सहा महिन्यांत त्यासाठी अनेक खेपा होतात. इंजिन नवे आणले तरी पट्टा आणि वेग जुळवल्याशिवाय पाणी चढत नाही, तसेच हे. भाड्याचे, राहण्याचे आणि बरोबर येणाऱ्याच्या बुडणाऱ्या मजुरीचे पैसे हिशेबात धरा. लोक ते विसरतात.

काय मिळते आणि काय मिळत नाही

आता मुख्य मुद्दा. तज्ज्ञ एक साधा नियम सांगतात : गोळीने जे सुधारते तेच तारेने सुधारते. गोळी घेतल्यावर दिवसातल्या चांगल्यात चांगल्या तासाला माणूस जसा असतो, तसा तो दिवसाचे पुष्कळ तास राहावा, एवढेच तारेने साधते. त्या चांगल्या तासाहून चांगला तो होत नाही. अपवाद फक्त थरथरीचा. गोळीने न थांबणारी थरथरही तारेने पुष्कळदा थांबते. म्हणून गोळी घेऊनही माणूस पडतच असेल, गिळताना ठसकतच असेल, शब्द कळत नसतील, तर तारेने ते जाणार नाही. बोलणे तर कधी कधी अधिक बिघडते. ज्याची स्मरणशक्ती ढासळली आहे, रात्री नसलेली माणसे दिसतात, त्याला तार बसवली तर गोंधळ वाढण्याची भीती असते. आणि ज्याला गोळीने मुळीच फरक पडला नाही, त्याचा आजार बहुधा कंपवात नसून त्याच्यासारखा दिसणारा दुसराच असतो. त्याला तारेचा उपयोग नाही.

ही पारख करण्याची रीत ठरलेली आहे. रात्रीपासून औषध थांबवून सकाळी रुग्णाला तपासतात, गुण देतात. मग लेव्होडोपाची भरपूर मात्रा देऊन पुन्हा तपासतात. निदान तीस टक्के सुधारणा दिसली तर पुढे जाण्यात अर्थ. ही चाचणी रुग्णालयातच करायची, घरी औषध थांबवून नव्हे. आमचे स्पष्ट मत असे की जो कुणी ही चाचणी न करता थेट शस्त्रक्रियेची तारीख आणि रकमेचा आकडा सांगेल, त्याच्याकडून उठून दुसऱ्या तज्ज्ञाकडे जावे. आजाराला चार-पाच वर्षे तरी झालेली असावीत, वय साधारणपणे सत्तर-पंचाहत्तरच्या आत असावे, मन खंबीर असावे, असेही पाहतात.

योग्य माणूस निवडला तर लाभ खरा असतो. जर्मनी आणि ऑस्ट्रियात १५६ रुग्णांवर केलेली एक मोठी तुलना २००६ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी तार बसवलेल्यांचे रोजचे जगणे सुमारे पाव हिश्शाने सुधारले होते. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत फरक पडला नव्हता. त्याच अभ्यासात तार बसवलेल्यांपैकी एक रुग्ण मेंदूत रक्तस्राव होऊन दगावला, हेही लपवलेले नाही. शंभरात एखाद-दोघांना असा रक्तस्राव होऊ शकतो. काहींना बॅटरीच्या किंवा तारेच्या जागी पू होतो आणि सारे काढावे लागते. काहींचा स्वभाव बदलतो, कुणी उदास होतो, कुणी अचानक उधळ्या. घरच्यांनी हे डोळ्यांत तेल घालून पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. रुग्णाला स्वतःला ते कळत नाही.

आणि आजार थांबत नाही. तार चालू असताना पेशी मरणे चालूच राहते.

खर्च लाखांत जातो, आणि त्याचा मोठा भाग यंत्राचा असतो. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत संपते आणि छातीवर पुन्हा छेद घेऊन बदलावी लागते. तिचेही पैसे लागतात. चार्ज करता येणारी बॅटरी दहा-पंधरा वर्षे टिकते पण महाग, आणि आठवड्याला काही तास कातडीवरून चार्ज करावी लागते. भारनियमनाच्या गावात तेही सांभाळावे लागेल. बॅटरी अचानक संपली तर सारा ताठरपणा एका दिवसात परत येतो आणि तो जिवाला धोक्याचा ठरू शकतो. म्हणून पहिल्या खर्चासाठी जमीन विकली आणि पाच वर्षांनी दुसऱ्या बॅटरीला काहीच उरले नाही, अशी गत होता कामा नये. पहिल्या भेटीतच विचारावे : दुसरी बॅटरी कितीची, आमचे कार्ड, आमची योजना कोणत्या खर्चाला चालते, आणि वीज जुळवायला जवळ कोण आहे.

एवढे पाहून ज्यांना तार नको किंवा झेपत नाही, त्यांनी हातपाय गाळू नयेत. वेळेवर गोळी, रोजचे भरभर चालणे, हातपाय ताणण्याचा व्यायाम, मोठ्याने वाचन किंवा गाणे, ह्यांनी पुष्कळ साधते. दारात पाय खिळतो त्यांच्यासाठी उंबऱ्याजवळ जमिनीवर चुन्याचे आडवे पट्टे ओढावेत. पट्टा ओलांडायचा म्हटले की अडलेले पाऊल उचलले जाते. कुणी तोंडाने ताल धरला तरी चालते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ म्हणून रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनीच चालवलेली संस्था आहे. तिचे काम मराठीतून चालते, त्यामुळे आपल्या लोकांना तिचा आधार घेता येईल.

ज्यांनी तार बसवून घेतली आहे त्यांनी एक गोष्ट कोरून ठेवावी. गुडघा-कंबर दुखते म्हणून शेक द्यायला जे डायथर्मीचे यंत्र वापरतात, ते त्यांना कधीही लावू देऊ नये. शरीराच्या कोणत्याही भागाला नाही. तार तापून मेंदूला कायमची इजा होते. दात काढताना, दुसरी शस्त्रक्रिया करताना, एमआरआयपूर्वी यंत्राचे कार्ड दाखवावे. वेल्डिंग चालू असेल तेथून लांब राहावे. बॅटरीच्या बाजूच्या खांद्यावर पोते किंवा जू घेऊ नये.

मनाच्या आजारांसाठी तार

कंपवाताशिवाय अंगाला पीळ पडणारा डिस्टोनिया आणि औषधांना न जुमानणारी मिरगी ह्यांवरही तारेचा उपयोग होतो. मनाच्या आजारांचे काय, हेही लोक विचारतात. बेल्जियममध्ये १९९९ साली मंत्रचळावर, म्हणजे एकच विचार आणि एकच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारावर, ती प्रथम वापरली गेली. कशालाच दाद न देणाऱ्या अशा रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना आराम पडतो. नैराश्याचे चित्र तितके चांगले नाही. २००५ साली कॅनडात सहापैकी चौघांना गुण आला तेव्हा मोठी आशा वाटली. पण पुढे अमेरिकेत मोठ्या संख्येने पारख सुरू केली तेव्हा खऱ्या आणि खोट्या विजेत पुरेसा फरक दिसेना, आणि ती मधेच थांबवली गेली. शोध चालू आहे. तोवर नैराश्यासाठी तार हा शेवटचा आणि विरळा उपाय समजावा. हा उपाय म्हणजे शॉकचे उपचार नव्हेत. ते वेगळे, आणि आता भूल देऊनच करता येतात.

ह्या बाबतीत कायदा कडक आहे आणि तसा तो असावाच. गेल्या शतकात मनोरुग्णांच्या मेंदूचा पुढचा भाग तोडण्याची शस्त्रक्रिया हजारोंवर झाली, तिच्या जनकाला १९४९ साली नोबेलही मिळाले, आणि कितीतरी माणसे त्यानंतर जिवंतपणी विझली. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, जो २०१८ पासून लागू आहे, मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची स्वतःची समजून दिलेली संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची परवानगी दोन्ही लागतात. बापाने किंवा नवऱ्याने सही करून चालत नाही. हा कायदा आल्यानंतर मुंबईच्या जसलोकमध्ये २०२१ साली परदेशातून आलेल्या एका रुग्णावर नैराश्यासाठी तार बसवली गेली, ती अशी परवानगी मिळवूनच.

त्याच कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. गाणगापूर आपल्याच जिल्ह्यात आहे. अंगात आले, बाधा झाली म्हणून माणसे तेथे नेली जातात. दर्ग्यांत नेली जातात. आपल्यातीलही काहीजण केवळ प्रार्थनेवर ठेवून गोळी बंद करतात. श्रद्धेबद्दल येथे काही म्हणायचे नाही. पण प्रार्थना करायला गोळी बंद करावी लागत नाही, आणि गोठ्यात बांधून ठेवलेल्या मुलाला आधी मेंदूतील तारेची नव्हे तर तालुक्याच्या दवाखान्यातील साध्या औषधाची गरज असते. हे काम खेड्यांत होऊ शकते हे सिद्ध करून दाखवले ते आपल्याच शेजारच्या बळ्ळारी जिल्ह्याने. १९८५ च्या सुमारास निम्हान्सच्या मदतीने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना मानसिक आजार ओळखण्याचे आणि औषध देण्याचे शिक्षण दिले गेले, आणि तोच नमुना पुढे साऱ्या देशाच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पाया झाला. बिदर आणि कलबुर्गीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. दवाखान्यात जायचा धीर होत नसेल तर १४४१६ ह्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न देता बोलता येते. मराठीतही आणि कानडीतही.